नाल्यापलीकडचा चांदा

संध्याकाळी गाडीत बसायच्या आधी चांदेकाका आम्हा सगळ्यांचे तळहात तपासायचे. शाळेत गुरुजी नखं बघतात ना, तसे. शाळेत हात स्वच्छ लागायचे, यांना मळलेले लागत. "हात दाखव वं," म्हणायचे, आणि हाताला माती दिसली नाही की त्या माणसाची दिवसभराची मोजणी यांच्या लेखी झालीच नाही. मी एम.एस्सी. करून, उपग्रहाची चित्रं वाचायला शिकून आलेली मुलगी. मला या प्रकाराचा मनस्वी राग यायचा. एकदा तर मी गाडीशेजारची माती मुद्दाम हाताला चोळून दाखवली होती. काकांनी ती बोटांत घेऊन चुरडली आणि म्हणाले, "हे सडकेची माती आहे. धुऱ्याची आण."

चांदे हे त्यांचं आडनाव नव्हे. गावाच्या शिवेवर जुन्या मोजणीवाल्यांनी अंतरं धरायला जे दगड गाडले, त्यांना आमच्याकडे चांदा म्हणतात, आणि शेताच्या बांधाला धुरा. सरकारी मोजणीदार म्हणून काकांनी अख्खी नोकरी या दोन गोष्टींच्या मागे चालण्यात घालवली. निवृत्तीनंतर आमच्या कंपनीने त्यांना कंत्राटावर घेतलं. जुने गाव-नकाशे ड्रोनने काढलेल्या फोटोंवर बसवायचं काम आमच्याकडे होतं आणि जुन्या मोजणीवह्या वाचता येणारा दुसरा माणूस कोणाला सापडत नव्हता. वर ते हुडकेश्वरला माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायचे. त्यामुळे रोज सकाळी त्यांना स्कूटीवर मागे बसवून ऑफिसला न्यायचं लोढणं माझ्या गळ्यात पडलं.

स्कूटीवर ते गप्प बसतील तर शप्पथ! नव्या लेआउटांमधून जाताना कोणतं दुकान कोणाच्या धुऱ्यावर उभं आहे, कोणत्या अपार्टमेंटखाली कोणाची तुरीची वावरं होती, हे सगळं माझ्या कानाशी चालू असायचं. हा म्हातारा यंत्रांच्या नावाने बोटं मोडणार, असं मी धरून चालले होते. पण नाही. उपग्रहाकडून जागा विचारून घेणारं आमचं रोव्हर त्यांना फार आवडायचं. लहान मुलाला घ्यावं तसं ते त्याचा खांब दोन्ही हातांनी धरायचे. फक्त ते चालवणाऱ्या पोराला बजावत, "मशीन खोटं नाही बोलत गा. पण दगड खरा कोणता, हे मशीनले आपण सांगतो. तिथं आपण खोटं बोललो का मशीनबी खोटंच बोलते."

कुही तालुक्यातल्या एका गावाचं काम चालू होतं. नकाशाचे तीन कोपरे फोटोवर बिनबोभाट बसले. नाल्याकडचा चौथा काही केल्या बसेना. अशा वेळी आमच्या धंद्यात एक सोय असते. नकाशा संगणकावर रबरासारखा थोडा ताणायचा, की चूक चहूकडे पसरून दिसेनाशी होते. ऑफिसच्या साहेबांना शुक्रवारी गाव पूर्ण हवं होतं, म्हणून मी ताणायला घेतला. काका मागे चहा घेऊन उभे होते.

"काय करून राहिली वं पोरी?"

"कोपरा बसत नाहीये, काका. जरासा ओढते."

"ओढू नको." त्यांनी कप टेबलावर ठेवला आणि स्क्रीनवर वाकून नकाशाच्या तळाची सही वाचली. सही त्यांचीच होती. त्या दिवशी ते जेवले नाहीत. डबा तसाच परत नेला.

दुसऱ्या दिवशी स्कूटीवर ते पहिल्यांदाच गप्प होते. सिग्नलला थांबल्यावर माझ्या पाठीमागून बोलायला लागले. बरं झालं, मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्या गावात देवराव नावाच्या शेतकऱ्याचा आणि त्याच्या शेजाऱ्याचा धुऱ्याचा वाद होता. मोजणी काकांकडे आली. नाल्याला पाणी होतं. शेजाऱ्याने अलीकडच्या काठावरचा एक दगड दाखवून हाच चांदा म्हणून सांगितलं. देवराव हात जोडून सांगत होता, "साहेब, खरा चांदा पलीकडं आहे. पाणी उतरू द्या, मी दाखवतो." काकांना संध्याकाळची बस गाठायची होती. त्यांनी अलीकडचा दगड धरून रेघ ओढली आणि वहीत लिहिलं, 'चांदा समक्ष पाहिला.' त्या रेघेने देवरावची विहीर शेजाऱ्याच्या वावरात गेली. देवरावने उरलेल्या जमिनीत स्वतःच्या हातांनी दुसरी विहीर खणायला घेतली. माती भुसभुशीत होती. तिसऱ्या महिन्यात ती त्याच्या अंगावर ढासळली.

"कोणी मले दोष नाही देल्ला," काका म्हणाले. "कागद बरोबर होता ना वं माहा."

मागचे गाडीवाले हॉर्न वाजवत होते. सिग्नल केव्हाच हिरवा झाला होता.

त्या आठवड्यात आम्ही गावात गेलो. काकांच्या आधीच्या, खूप जुन्या मोजणीतली अंतरं घेऊन मी चांद्याची मूळ जागा काढली आणि रोव्हरमध्ये भरली. नाला कोरडा होता. काका अलीकडच्या दगडापासून पावलं मोजत पलीकडे चढले. रोव्हर जिथे 'इथे' म्हणालं, तिथे काठावरच्या गाळात आम्ही खणायला लागलो. बातमी ऐकून देवरावची बायको वच्छलाबाई काठी टेकत आली आणि खड्ड्याच्या काठावर उभी राहिली. कमरेइतकं खणल्यावर कुदळ दगडाला लागली. काका खड्ड्यात उतरले. वरची माती त्यांनी हातांनीच काढली. दगडावरची कोरलेली खूण दिसली तेव्हा ते तिथेच बसले.

"इथंच होता," ते म्हणाले. "मीच आलो नोयतो."

वच्छलाबाईने वरून वाकून पाहिलं. "माह्या माणसानं तं सांगतलंच होतं तुमाले," ती म्हणाली. मग विचारलं, "किती पावलं भरली जी, साहेब?"

"एकशे बारा."

तिने नाल्याकडे बघितलं आणि काठी टेकत निघून गेली. माफी तिने दिली नाही, काकांनी मागितलीही नाही. मागण्यासारखी ती गोष्टच नव्हती.

काकांनी मोजणी खात्याला आपल्या चुकीचा कबुलीजबाब सहीनिशी लिहून दिला. साहेब माझ्यावर चिडले, नसतं झेंगट कशाला ओढवून घेतलंस म्हणाले. पण तारखा पडत पडत शेवटी दुरुस्तीचा हुकूम निघाला. नकाशातली रेघ मी स्वतः सरकवली. विहीर वच्छलाबाईच्या बाजूला आली. आता फक्त धुऱ्यावर नवा दगड गाडायचा उरला होता. ते गावातले लोक करतील, असं मी गृहीत धरलं.

तोवर काका दवाखान्यात होते. हृदय थकलं होतं. मी आनंदाने सांगायला गेले.

"काका, रेघ बसली. विहीर बाईंकडे आली. मी स्वतः पाहिली."

पाहिली होती. स्क्रीनवर.

त्यांनी डोळे उघडले. "हात दाखव वं."

वॉर्डच्या दारात मी नुकतंच हातांना सॅनिटायझर लावलं होतं. ते हात मी पुढे केले. काकांनी बराच वेळ पाहिले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "मीबी असंच लिवलं होतं," म्हणाले.

आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने मी कुहीला गेले, तिथून गावात. नवा दगड ग्रामपंचायतीच्या भिंतीशी पडून होता, त्याला कोणीतरी सायकल टेकवली होती. विहिरीवर शेजाऱ्याचीच मोटर चालू होती. मी सरपंचांना हुकूम दाखवला, शेजाऱ्याला बोलावलं, चार माणसं लावून दगड उचलून आणला. खड्ड्यातली माती मीही ओढली, दगडाभोवती हातांनी ठोकून बसवली. शेजारी बराच वेळ हुकूम वाचत राहिला, मग गेला आणि मोटर बंद करून आला.

फोन वाजला तेव्हा मी अजून खालीच बसले होते. काकांचा मुलगा होता. सकाळीच गेले, म्हणाला.

वच्छलाबाईने तिच्या विहिरीतून बादलीभर पाणी शेंदून आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "हात धून घे वं बाई."

मी नको म्हणाले. कोण गेलं ते तिला सांगितलं. तिने दगडाकडे पाहिलं आणि बादली उचलून दगडाभोवतीच्या मातीवर ओतली, माती घट्ट बसावी म्हणून.

हुडकेश्वरला पोहोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. काकांच्या मुलाने माझे हात पाहिले आणि नळाकडे बोट दाखवलं. "ताई, हात धुता का?"

मी मान हलवून नाही म्हटलं आणि तशीच आत गेले.