ठाकुर्लीचे जेवणारे दगड

ठाकुर्लीतली ती बंद खोली आठवली की निवृत्तीनंतरही मिशीवर ताव द्यावासा वाटतो.

आमच्या हद्दीत शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जायची. अशाच एका शुक्रवारी एक काकू तक्रार घेऊन आल्या. "साहेब, आमच्या समोरच्या खोलीत कोणी राहत नाही. पण लाइट गेली रे गेली की एक माणूस धावत येतो नि जनरेटर लावतो. रिकाम्या खोलीला पंखा कशाला हो?" काकूंना आवाजाचा त्रास होता, मला संशयाचा वास आला.

पुढच्या शुक्रवारी साध्या वेशात पाळत ठेवली. तो माणूस आला, तसे आम्ही दोन पंचांसह आत शिरलो. निळ्या उजेडात काचेच्या टाक्या मांडलेल्या. कुठे मेंदूसारख्या वळ्या, कुठे हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या, कुठे अळंबीच्या छत्र्या. समुद्रातून चोरून आणलेली प्रवाळं! कायद्याने त्यांना वाघाच्या पंक्तीला बसवलंय.

"शोभेचे दगड आहेत, साहेब," तो थंडपणे म्हणाला. "दगड ठेवणं गुन्हा आहे काय?"

गडी पक्का होता. दगड ठरले तर केस बारगळणार होती, आणि वनखात्याची माणसं येईपर्यंत प्रवाळं मेली तर माझ्या हाती खरोखरच दगड उरणार होते. उलटसुलट विचारून झालं, पण तो बधेना. शेवटी मी हवालदारांना म्हणालो, "खोली सील करू. जनरेटर बंद करा."

"नको, साहेब! पंप थांबला तर गुदमरतील!"

"कोण गुदमरतील? दगड?"

"जिवंत प्रवाळं आहेत, साहेब," म्हणत तो जनरेटरच्या आड उभा राहिला.

पण पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. पुरावा दिला तो वनखात्याबरोबर आलेल्या प्रवाळतज्ज्ञ बाईंनी. त्यांनी ड्रॉपरने कोळंबीचा रस पाण्यात सोडला. थोड्या वेळाने त्या 'दगडा'वर इवल्या इवल्या सोंडा उमलल्या आणि घास तोंडाकडे ओढू लागल्या. सोंडांचा प्रत्येक झुपका म्हणजे एक प्राणी, खाली त्यांनीच रचलेला चुन्याचा सांगाडा, आणि अंगात उजेडावर अन्न बनवणारं शेवाळ, असं बाईंनी समजावलं.

"आयला, दगड जेवतोय!" एक पंच ओरडला. मी ते सभ्य भाषेत पंचनाम्यात घेतलं.

गाडीत बसवताना आरोपी स्वतःहून म्हणाला, "साहेब, माजिवड्याच्या गाळ्यात अजून आहेत. आता तिथे कोण बघणार?" पुऱ्या चौकशीत जे निघालं नव्हतं, ते असं एका वाक्यात निघालं. तिथलाही माल आम्ही ताब्यात घेतला.

नोकरीभर मी माणूस काय लपवतो ते शोधत आलो. त्या दिवशी कळलं, तो काय जपतो ते आधी बघावं. चोराचाही जीव कशात तरी अडकलेला असतो, आणि तिथे त्याला खोटं बोलता येत नाही.

कोर्टात त्याला शिक्षा झाली. पण त्याच्या कितीतरी आधी, टाक्या वनखात्याच्या केंद्रात उतरवल्या तेव्हाच बाईंनी एकेक तपासून मला फोन केला, "साहेब, सगळी जिवंत आहेत!" मी उभ्या पोलीस ठाण्याला पेढे वाटले.