मैनाबाईचे ओठ

गांधीबागेतल्या दुकानांत भिंतींवर जे गेलेले म्हातारे-म्हाताऱ्या टांगलेले होते, ते बहुतेक आमच्या शेजारच्या जागेश्वर पेंटरच्या हातचे. फोटोवरून तैलरंगात मोठं चित्र करायचं. गाल भरलेले, कुंकू ठसठशीत, ओठ मिटलेले. गेलेल्या माणसाचे दात दिसायला नकोत, असा गिऱ्हाइकांचा हट्ट. जिवंत माणूस मात्र त्याच्यापुढे बसायला घाबरायचा. जागेश्वरनं रंगवलं की माणूस भिंतीवर गेलाच म्हणे! लोकांच्या डोक्यात काय भरेल, सांगता येत नाही.

त्याची बायको मैनाबाई मात्र वर्षानुवर्षं मागे लागलेली, "माह्यं चित्र काढा नं जी." तिची बडबड दिवसभर आमच्या भिंतीतून ऐकू यायची, मला तर वीट आला होता. जागेश्वर टाळत राहिला. लोकांना हसायचा, पण ती भीती त्यालाही चिकटली होती.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात मैनाबाईच्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा त्यानं आपण होऊन तिला खिडकीपाशी बसवलं.

पहिलं चित्र पाहून मैनाबाई म्हणाली, "हे तर भिंतीवरची बाई होय. मी कधी तोंड मिटून बसली काय जी?"

त्यानं दुसरा कॅनव्हास ताणला. या खेपेला कुंकू, नथ सारं अंधारात ढकललं, गालांचे खड्डे तसेच ठेवले आणि उजेड घेतला तो फक्त ओठांवर, पुढच्या वाकड्या दातासकट. पण फोटो हलत नाही, आणि ही बाई गप्प बसेना. रंगवलेले ओठ तो चिंधीनं पुसायचा, पुन्हा लावायचा. "अवं, जराशी थांब वं," असा खेकसायचा.

एका सकाळी ती थांबली. डोळे उघडे, पण तोंडातून शब्द नाही. आता ओठ नीट रंगवता आले असते. जागेश्वरनं ब्रश खाली ठेवला. "बोल वं मैना, बोल," एवढंच म्हणत राहिला. भिंतीपलीकडे मला रडू आवरेना. त्याच आठवड्यात ती गेली.

तेरवीला तिची बहीण मनकर्णा चंदनाचा हार घेऊन आली. दोन्ही चित्रं भिंतीला टेकवलेली होती. दुसऱ्यातले ओठ अर्धेच, पुसल्याच्या खुणांसकट उघडे. मनकर्णाला बहीण त्याच चित्रात दिसली आणि ती तिकडेच हार घालायला वाकली. जागेश्वरनं हात आडवा घातला.

"हिले नको घालू वं. त्या पहिलीले घाल. ही अजून बोलून राहिली."