बेसिनजवळची खाट

अतिदक्षता विभागात सगळे त्यांना साबणबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. त्या तिथल्या मुख्य नर्स. हात न धुता कोणी खाटेकडे पाऊल टाकलं, की मग तो मोठा सर्जन असो नाहीतर पेशंटचा सासरा, बाई सगळ्यांदेखत त्याची हजेरी घेत. "आधी बेसिन, मग नाती!" सर्जनसुद्धा मुकाट्याने बाह्या वर सारत.

औषधांच्या बाबतीतही तसंच. एक अँटिबायोटिक कुलपात असे, बाकी सगळी हरल्यावरच काढायचं. डॉक्टरांच्या सहीशिवाय बाई ते कोणाच्या बापालाही देत नसत. किडनी थकलेल्यांना त्याची अर्धीच बाटली लागे. उरलेलं कचऱ्यात टाकलं तर कोणीतरी उचलून वापरेल, ही बाईंना धास्ती. म्हणून त्या ते बेसिनमध्ये ओतत आणि वर भरपूर पाणी सोडत. हाताखालच्या प्रत्येक नर्सला त्यांनी हेच शिकवलं. एवढी जपणूक करणारी बाई शोधून सापडली नसती, आणि नेमकं तेच नडलं.

आईवडिलांमागे बाईंना दादानेच वाढवलं, शिकवलं. त्याच्या आतड्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा वशिला लावला आणि बेसिनजवळची खाट मागून घेतली. तिथे येणारा-जाणारा हात धुणारच, मग दादाला काय होणार?

"लहानपणी बाहुलीलाही जेवायच्या आधी हात धुवायला लावायची ही," दादा शेजारच्या पेशंटला सांगे.

तो घरी जायच्या गोष्टी करू लागला आणि ताप चढला. एकेक औषध हरलं. शेवटी कुलूप उघडलं. बाईंनी स्वतःच्या हाताने ते औषध सलाईनला जोडलं. ताप ढिम्म हलला नाही.

डॉक्टरांनी बेसिनच्या जाळीखालचा बुळबुळीत थर तपासायला पाठवला. रिपोर्ट आल्यावर बाईंना बाजूला घेतलं. "दादांच्या रक्तातला जंतू आणि इथला, एकच. नळ सोडला की शिंतोडे खाटेपर्यंत उडतात."

"पण डॉक्टर, कुलपातलं औषध?"

"ते या जंतूला बेसिनमध्ये थोडं थोडं मिळतच होतं, बाई. पचवायला शिकला तो."



दादा गेला. मग कमिटी बसली, चहा प्याली. बेसिन हलवलं. दोष कोणाचाच नाही, असं ठरलं. ते ओतणं वर्षानुवर्षं शेजारी हात धूत पाहणाऱ्या डॉक्टरांनीही तोंडातून ब्र काढला नाही. कोणी शिक्षा केली असती, तर बाईंना बरं वाटलं असतं.

सामान न्यायला वहिनी आली. तिने बाईंचे दोन्ही हात धरले. "वन्सं, तुम्ही होतात म्हणून ती खाट मिळाली. तुम्ही काही कमी पडू दिलं नाहीत हो."

"वहिनी, त्या खाटेनेच गेला तो. मीच ओतत होते तिथे."

वहिनीला काही कळलं नाही. "दमलात तुम्ही," ती म्हणाली आणि तिने ते हात आणखी घट्ट धरले.