शहाण्णव लाखांचा संशय

बांगडा घेताना मी कल्ला उघडून पाहते. कुणी ‘ताजा आहे’ म्हटलं की मला आधी शंका येते. गेल्या वर्षी ही नजर मी सख्ख्या वडिलांवर ठेवली.

अप्पा निवृत्त गणित शिक्षक. रोज भाट्याच्या पुलापर्यंत चालत जाणारे अप्पा एका संध्याकाळी रिक्षाने परतले. ‘पाय दुखले,’ म्हणाले. रिक्षावाला मला हळूच म्हणाला, ‘त्यांना घर गावत नव्हतं.’

हे मी दादाला फोनवर सांगून बसले. ‘डोकं चालत नसेल तर मी त्यांना डोंबिवलीला आणतो,’ तो म्हणाला. अप्पा आणि चौथ्या मजल्यावरचा बंद फ्लॅट! तेव्हा मी अंगणात फाटक रंगवायच्या तयारीत होते. निळ्या रंगाचा डबा तसाच पडवीत राहिला.

डॉक्टरांनी सुचवल्याप्रमाणे मी रोज चहाबरोबर अप्पांना शंभरातून सात-सात वजा करायला लावू लागले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी... ते धडाधड म्हणत. फारच धडाधड. पाठ केलं असणार, दुसरं काय! शिवाय चष्म्याच्या घरात घडी केलेला एक कागद असे, आणि मी खोलीत आले की ते घर घाईने मिटत.

मग मी त्यांच्याच वर्गातली संख्या काढली. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा, एकोणीस या आठ मूळ संख्यांचा गुणाकार शहाण्णव लाख नव्व्याण्णव हजार सहाशे नव्वद. त्यात एक मिळवला की आठांपैकी कुणाचाच भाग पुरता जात नाही, बाकी एक उरतेच. ‘म्हणजे ही मूळ संख्या!’ असं दरवर्षी कुणीतरी ओरडायचं आणि अप्पांचा खडू फळ्यावर आपटायचा.

‘मूळ संख्याच ना ही, अप्पा?’ मी भोळा चेहरा करून विचारलं.

‘आठांनी भाग गेला नाही, म्हणून दुसऱ्या कुणानेच जायचा नाही होय गो? तीनशे सत्तेचाळीसने जातो. भागाकार सत्तावीस हजार नऊशे त्रेपन्न.’

मोबाईलवर करून पाहिलं. बरोबर होतं. आनंद व्हायचा सोडून मला वाटलं, कागदावर लिहून ठेवलंय यांनी!

अप्पा आंघोळीला गेले तसं मी चष्म्याचं घर उघडलं. कागदावर एकही आकडा नव्हता. त्यांच्या फळ्यावरच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘पुलाकडून सरळ. पाण्याच्या टाकीशी उजवीकडे. हिरवं फाटक. दार उघडेल ती आपली मुलगी. तिला कळू देऊ नये.’

मला माझीच लाज वाटली. कागद होता तसा घडी करून ठेवला. दादाला फोन करून ‘डोकं चालतंय, ते इथेच राहतील’ एवढंच सांगितलं, आणि निळ्या रंगाचा डबा दुकानात देऊन हिरवा घेऊन आले.