शिवेवरची ओंजळ

नातू नळाला ओंजळ लावून पाणी पितो, तेव्हा त्याच्या कोपरांवरून ओघळणारं पाणी पाहून मला नेकनूरकडची आमची शीव आठवते. निजामाचं राज्य होतं आणि या नातवाचा बाप तेव्हा माझ्या काखेत होता.

शेजारच्या गावात पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं, रोज माणूस जात होतं. म्हणून रोगराई गावाबाहेर घालवायला तिथल्या लोकांनी रिवाजाप्रमाणे मरीआईचा गाडा ओढत आमच्या शिवेवर आणून सोडला. पुढच्या शिवेपर्यंत तो आमच्या गड्यांनी न्यायचा होता. लिंबाचा पाला, हळद आणि घाम यांचा वास दाटला होता. तहानलेली ती माणसं हातपाय धुवायला आमच्या बारवेच्या पायऱ्यांकडे वळली, तशी माझी सासू आडवी आली.

"पाव्हण्यानं आपल्या हातानं पाणी घ्यायचं न्हाई. आमी काय मेलोत का?"

"आत्याबाई, लेकरू हाय जवळ," मी पुटपुटले.

"मग लांबून वत. पर वत."

आम्ही उंचावरून ओतत राहिलो, ते ओंजळीनं पीत राहिले. बारवेला परका हात लागला नाही.

पुढे कितीतरी दिवस मी उठल्याबरोबर पोराचं पोट चाचपायचे आणि ते खुदकन हसायचं. गावात कुणीच आजारी पडलं नाही. पटकी पाण्यातून पसरते, हे मला फार उशिरा कळलं. आत्याबाईंना ते कधीच कळलं नाही. त्यांना पाहुण्याचा मान तेवढा ठाऊक होता. गाडा पुढच्या गावाला गेला, पटकी मात्र आमच्या शिवेवरच थांबली.

"आज्जे, पेला दे की," नातू म्हणतो.

"पी तसंच," मी म्हणते.