ब्रदरची बायको

गायत्री इंग्रजी शिकली ती दोनच वर्षं, पण तेवढंच तिला नडलं. ब्रदर म्हणजे भाऊ, हे तिनं अमळनेरच्या शाळेत घोकलं होतं. आणि लग्न होऊन सुरतेला, डिंडोलीत आली तर तिच्या नवऱ्याला अख्खी गल्ली ब्रदर म्हणायची! लोटू मिशनच्या दवाखान्यात नर्सचं काम करायचा. बाई असता तर सिस्टर म्हणाले असते, बाप्या म्हणून ब्रदर.

त्याच दवाखान्यात दुसरेही ब्रदर होते. पांढऱ्या झग्यातले, केरळहून आलेले, मागच्या मठात राहणारे. त्यांनी जन्म देवाला दिलेला, लग्न करायचंच नाही. गायत्रीला याचं हसू यायचं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही घरची रीत, आणि ब्रदर म्हणावं तर पाप. तिचं आपलं ‘अहो’वर भागत होतं.

पंच्याण्णव सालच्या थंडीत एका सकाळी सासूला, सुंदराबाईला, जोराचा दमा लागला. ओठ निळे पडले. घरात इंजेक्शन होतं, पण ते द्यायचा लोटू आणि लोटू ड्यूटीवर. म्हातारी अंगानं भारी, खोली वरच्या मजल्यावर आणि गल्लीतले बाप्ये सगळे गिरणीच्या पाळीला गेलेले. शेजारणीला बसवून गायत्री रिक्षानं दवाखान्यात पोचली.

वॉचमन दारात आडवा. “कोनुं काम छे?”

“आमचे... घरचे.”

“नाम बोलो ने!”

नाव जिभेपर्यंत आलं आणि परत फिरलं. शेवटी तिनं मनातल्या मनात देवाची माफी मागितली आणि म्हटलं, “ब्रदर.”

वॉचमननं झग्यातल्या म्हाताऱ्या ब्रदर मॅथ्यूंना बोलावून आणलं.

“हे नाहीत हो!” गायत्री रडकुंडीला आली. “माझे मालक!”

“ब्रदरनी घरवाळी?” वॉचमन खो खो हसायला लागला. ब्रदर मॅथ्यू बिचारे कानापर्यंत लाल झाले.

तिकडे म्हातारी तडफडत असेल. गायत्रीनं पदर खोचला, रीत गेली खड्ड्यात, आणि लांबलचक व्हरांड्यात बोंब ठोकली, “लोटू! ओ लोटू!”

लोटू धावत आला. चेहरा पांढराफटक. बायकोनं नाव घेतलं म्हणजे घरात काय झालं असेल हे त्याला सांगावं लागलं नाही.

लोटूनं घरी येऊन इंजेक्शन दिलं आणि दुपारी सुंदराबाई उशीला टेकून चहा पीत होती.

“तू लोटूनं नाव लिधं म्हने?”

नवऱ्याचं नाव घेतल्याच्या लाजेनं गायत्रीनं मान खाली घातली.

“मंग आखो एकदाव ले. माले बी आयकू दे.”

गायत्रीनं तोंड उघडलं. पण म्हातारीचा श्वास आता नीट चालला होता, नाव काही फुटेना.

“अहो,” ती दाराकडे तोंड करून म्हणाली, “आय तुमले बलाई ऱ्हायनी.”