मंगल कार्यालयातलं स्केटिंग

सोलापुरात बर्फ बघायचा तर गोळ्याच्या गाडीवर. लहानपणी टीव्हीवर बर्फावर गिरक्या घेणारी एक बाई पाहिली, तेव्हा आमच्या घरात कूलरमध्ये पाणी कोणी ओतायचं यावरून भांडण चाललं होतं. माझं त्या भांडणात लक्ष नव्हतं. ती बाई मागं न बघता मागं मागं जात होती आणि जाता जाता एका पायावर गर्रकन फिरत होती. हे आपण करायचं, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं. पुढं शिक्षण, लग्न, दोन बाळंतपणं आणि सासरचं मंगल कार्यालय, या सगळ्यात ते राहून गेलं. राहून गेलं, पण विसरले नव्हते.

चाळिशी उलटल्यावर एका संध्याकाळी मुलांच्या स्केटिंग रिंकवरून जात होते. तिथं एक मुलगी चार चाकांच्या बुटांवर अगदी तशीच गिरकी घेत होती. चौकशी केली तेव्हा कळलं की बर्फ नसेल तिथं हा खेळ चाकांवर खेळतात आणि त्याच्या रीतसर स्पर्धा होतात. संगीतावर नाचायचं, उड्या मारायच्या, जमिनीवर आखलेल्या वर्तुळाच्या रेषेवरून एका पायावर जायचं. मी स्कूटर तिथंच लावली.

शिकवणारे सर वयानं माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान होते.

"काकू, मुलगा का मुलगी?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"या की. व्यायाम म्हणून लई चांगलं हाय. कंबर मोकळी हुती."

"मला स्पर्धेत उतरायचंय."

सर हसले असते तर मी चार शब्द सुनावले असते. ते हसले नाहीत, मोबाइल बघायला लागले. मग म्हणाले, "बघू की." आमच्याकडं 'बघू की' म्हणजे नाहीच. मला त्यांचा राग आला आणि त्या रागातच मी दुसऱ्या दिवशी बूट विकत घेतले.

मला काय हवं होतं ते मला नीट ठाऊक होतं. हौशी काकू म्हणून टाळ्या नको होत्या. तशा टाळ्या आमच्या कार्यालयात संगीताच्या कार्यक्रमात नवरीच्या मावश्यांना रोज मिळतात. ज्याला या खेळातलं कळतं अशा कुणीतरी मला बघावं आणि काय चुकतंय ते तोंडावर सांगावं, एवढंच हवं होतं.

रिंकवर मुलांची गर्दी, त्यामुळं खरा सराव मी कार्यालयातच केला. आमचा हॉल मोठा, फरशी गुळगुळीत, आणि लग्नतिथी नसली की तिथं चिटपाखरू नसतं. सरांनी सुतळी आणि खडू घेऊन एकमेकांना चिकटलेली दोन मोठी वर्तुळं आखून दिली. एकावरून सुरुवात करायची, मधे पाय बदलायचा, दुसऱ्यावरून फिरून परत यायचं. चाक रेषेवरून हलायला नको. ऐकायला सोपं वाटतं. पहिले काही महिने मी वर्तुळावरून निघायचे आणि थेट जेवणाच्या हॉलच्या दारात पोचायचे.

एकदा ती वर्तुळं पुसायची राहून गेली आणि दुसऱ्या दिवशी लग्न होतं. मी धावत आले तोवर वरपक्षाच्या बायकांनी त्यांच्यावर रांगोळी भरून कडेनं फुलं लावली होती. नवरा एका वर्तुळात, नवरी दुसऱ्यात. लग्न लावणारे स्वामी वधूपक्षाची पद्धत समजून गप्प राहिले आणि वधूपक्ष वरपक्षाची समजून. आमचे हे माझ्याकडं बघून म्हणाले, "आता प्रत्येक लग्नाला आखून ठेव, जादा पैसे लावू." त्या जोडप्याचं छान चाललंय असं ऐकते.

सासूबाईंना हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. घरात त्या कानडीच बोलतात. मी पडल्याचा आवाज आला की खुर्चीवरूनच "साकु, साकु" करायच्या, म्हणजे पुरे झालं आता. पण त्यांचा खरा आक्षेप माझ्या वयाला नव्हता, अक्षतांना होता. लग्नानंतर हॉल कितीही झाडला तरी कोपऱ्यात, खुर्च्यांच्या पायांशी अक्षता राहतात. मंत्र म्हणून टाकलेले तांदूळ, त्यावरून हिनं चाकं फिरवायची! मी म्हणायचे, "आई, दोन दाण्यांनी काय होतंय?"

काय होतंय ते एका सकाळी कळलं. उडी शिकत होते. पुढं जाता जाता उडायचं, हवेत अर्धं वळायचं आणि दुसऱ्या पायावर उलटं उतरायचं. उतरले ती नेमकी अक्षतांवर. इकडं चाक सटकलं आणि तिकडं मनगट मोडलं. मनगट धरून बसले होते तेव्हा सासूबाई आल्या. त्यांनी आधी फरशीवरचे दाणे वेचले, कपाळाला लावले आणि मग मला उठवलं. इतकी चिडले होते, तरी मला हसू आलं.

नेमकी लग्नसराई. हात गळ्यात बांधून मी दारात पाहुण्यांचं स्वागत करत होते. प्रत्येकजण विचारायचा आणि मी तोंड उघडायच्या आत आमचे हे सांगायचे, "बाथरूममध्ये पाय घसरला." एक हाडांचे डॉक्टर लग्नाला आले होते, ते म्हणाले, "या वयात बाथरूममध्ये सांभाळायलाच पाहिजे." हे ऐकून माझं डोकं फिरलं. म्हणजे बाथरूममध्ये पडायला माझं वय चालतं आणि उडी मारताना पडायला चालत नाही? मी सगळ्यांसमोर म्हटलं, "बाथरूममध्ये नाही डॉक्टर, स्केटिंग करताना पडले. प्लास्टर निघालं की परत करणार आहे." ह्यांनी घाईघाईनं अत्तर लावायला घेतलं.

रात्री हे म्हणाले, "लोक काय म्हणतील याचा जरा तरी विचार करायचा."

"केला की. म्हणून तर खरं सांगितलं."

ह्यांनी कूस बदलली. पण त्यानंतर बाथरूमचं नाव कधी काढलं नाही.

प्लास्टर निघाल्यावर पहिल्या दिवशी हॉलमध्ये उतरले. आधी पडायची भीती नव्हती, आता होती. बूट बांधून कितीतरी वेळ नुसती खुर्चीवर बसून राहिले. तेवढ्यात झाडूचा आवाज आला. सासूबाई हॉलच्या त्या टोकापासून झाडत येत होत्या. झाडणाऱ्या बायका सकाळीच झाडून गेल्या होत्या. ह्या परत झाडत होत्या, खुर्च्या सरकवून, कोपरे कोरून. माझ्यापाशी आल्या, माझ्या खुर्चीखालचंही झाडलं आणि म्हणाल्या, "हं, एळु." म्हणजे ऊठ. अक्षतांचा मान राखला की त्यांचा आक्षेप संपत होता. मला भरून आलं. तेव्हापासून आमचा तोच क्रम ठरला. आधी त्या झाडणार, मग मी.

वर्तुळं जमली. गिरकी बऱ्यापैकी जमली. उडी मात्र पाचातली एक. जिल्ह्याच्या स्पर्धा आमच्याच रिंकवर ठरल्या तेव्हा मी सरांना विचारलंही नाही, नाव देऊन आले. सरांना कळल्यावर म्हणाले, "काकू, उडी काढा की त्यातनं. उगं पडाल." मी उडी काढली नाही. संगीत म्हणून कार्यालयातली सनई घेतली आणि शिंप्याकडून खणाचा झगा शिवून घेतला. हे झगा बघून म्हणाले, "अंगभर आहे म्हणजे मिळवलं." हे ह्यांच्या परीनं कौतुक.

स्पर्धेच्या दिवशी कार्यक्रम लांबला. लहान मुलांचे गट संपता संपेनात. ऊन चढलं, फरशी तापली, मांडवाखाली परीक्षक घामाघूम झाले. मी कडेला बूट बांधून बसले होते. सासूबाई भिजवलेला पंचा घेऊन शेजारी आणि हे त्यांच्या पलीकडं. तेवढ्यात आयोजकांपैकी एकजण आला.

"काकू, तुमच्या गटात तुमी एकट्याच हायसा. गोल्ड पक्कं तुमचं. आता कशाला उन्हात उतरता? पदक देतो, फोटो काढू, जेवायला चला."

सासूबाई खूश झाल्या. हे तर उठलेच. आणि मी रडायच्या बेतात आले. एवढं मनगट मोडून घेतलं ते फोटोसाठी?

"पदक कशाचं देणार?" मी विचारलं. "नाव दिल्याचं?"

"तसं न्हाय काकू..."

"मी स्केटिंग करणार आहे. परीक्षकांना बसायला सांगा."

तो सरांकडं बघायला लागला. मला वाटलं आता सर म्हणणार, बघू की. सर म्हणाले, "संगीत लावा त्यांचं."

दोन परीक्षक जेवायला निघाले होते, ते नाराजीनं परतले. तिसऱ्या परीक्षक, बाहेरगावाहून आलेल्या एक वयस्क बाई, उठल्याच नव्हत्या. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर लावला.

सनई सुरू झाली. चाकांखाली फरशी इतकी तापली होती की बुटातून कळत होतं. पहिलं वळण घाबरत घेतलं, दुसरं बरं गेलं. गिरकी घेतली तेव्हा मांडव, झाडं, सासूबाईंचा पांढरा पंचा, सगळं एकात एक झालं. मग उडीची जागा आली. मी उडाले. हवेत वळले हे नक्की, कारण उतरताना मला मागचं दिसत होतं. पण पाय डगमगला आणि हात जमिनीला टेकला. लोकांच्या तोंडून 'अरेरे' निघालं. मी हात उचलला आणि पुढं गेले. सनई संपली तेव्हा मी मधोमध उभी होते.

टाळ्या पडल्या. "शाब्बास काकू" म्हणून कुणीतरी ओरडलं. पदकही गळ्यात पडलं, फोटोही झाला. गुण मात्र कमी होते आणि ते योग्यच होते.

बूट सोडायला बसणार तेवढ्यात त्या वयस्क बाईंनी बोटानं खुणावलं. मी चाकांवरच त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. आता या वयाचं, हिमतीचं काहीतरी बोलणार, अशी मी मनाची तयारी केली.

"गुडघा वाकत नाही तुमचा," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत. "ताठ पायानं उतरता, म्हणून हात टेकला. पुढच्या वर्षी मला तो गुडघा वाकलेला दिसला पाहिजे."

मी तिथंच गुडघा वाकवून दाखवला.

"अजून," त्या म्हणाल्या.

मी अजून वाकवला.